राणीला घेऊन रॅम्सीपर्यंत

माझा थोरला भाऊ वॉल्टर किनविग वयाच्या अडुसष्टाव्या वर्षापर्यंत रॅम्सीला एकदाच गेला होता. तोही सात वर्षांचा असताना, चर्चच्या सहलीला. त्या दिवशी वाटेत त्याला इतक्या उलट्या झाल्या की गाव कसं होतं ते त्याला काही आठवत नव्हतं. बेटाबाहेरच्या माणसाला हे खोटं वाटेल. आमचं आइल ऑफ मॅन ते केवढंसं; दक्षिणेच्या टोकाहून सकाळी निघालेला माणूस उत्तरेचं टोक गाठून दुपारी जेवायला घरी येऊ शकतो. पण आम्हा दक्षिणेकडच्यांना उत्तर म्हणजे परदेशच. रॅम्सीला निघालेल्या माणसाला शेजारी विचारतात, डबा घेतलास का, रात्रीचे कपडे घेतलेस का. थट्टाच ती, पण तिच्यामागे थोडं खरंही असतं.

आम्ही कोल्बीला राहायचो. वॉल्टर गवंडी. चुना-सिमेंट न लावता नुसता दगडावर दगड बसवून शेतांचे बांध रचायचा, आणि त्याने रचलेला बांध मेंढ्यांना पाडता यायचा नाही. लग्न त्याचं राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "वेळ मिळाला नाही." माझा नवरा गेल्यावर मी त्याच्या घरी राहायला आले, आणि आम्ही दोघं म्हातारे बहीण-भाऊ एकमेकांवर कुरकुर करत मजेत होतो. काम सुटल्यावर त्याने घरामागच्या उतारावर मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या. मग बोलणं, वाचणं, भांडणं, सगळं मधमाश्यांवरूनच.

ईना क्रेलिनशीही त्याची ओळख भांडणातूनच झाली. हिवाळ्यात सेंट जॉन्सच्या सभागृहात बेटावरच्या मधमाशीवाल्यांची बैठक असते. तिथे वॉल्टरने थंडीत पेट्या गुंडाळून ठेवाव्यात असं सांगितलं, आणि मागच्या रांगेतून एक बाई उठून म्हणाली, "गुंडाळल्या की आतमध्ये ओल धरते. माश्या थंडीने मरत नाहीत, मिस्टर किनविग, ओलीने मरतात." घरी आल्यावर वॉल्टर बूट काढता काढता म्हणाला, "रॅम्सीची बाई, विधवा. लोकरीचं दुकान होतं म्हणे तिचं. लोकर विकणारी बाई मला सांगते पेटी गुंडाळू नका."

पुढच्या रविवारी त्याने तिला फोन केला. ओलीबद्दलच विचारायचं होतं, असं म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा आला. मग दर रविवारी चर्चहून आल्यावर फोन ठरलेलाच. फोन आमच्या जिन्याखाली असायचा, अंधाऱ्या कोपऱ्यात. एका रविवारी मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर फोन उचलायच्या आधी वॉल्टर आरशापुढे उभा राहून केस विंचरत होता. मी बटाटे सोलत राहिले.

मे महिन्यात ईनाच्या एका पेटीतली राणीमाशी नाहीशी झाली. राणी नसली की पेटीतल्या माश्या सैरभैर होतात, चिडतात, आणि दुसरी राणी मिळाली नाही तर हळूहळू पेटीच संपते. बाहेरून बेटावर माश्या आणायला बंदी. रोगराई येऊ नये म्हणून. त्यामुळे आम्ही बेटावरचे लोक एकमेकांना राण्या देतो-घेतो. वॉल्टरने फोनवर शब्द दिला, "माझ्या सगळ्यात शांत पेटीतली राणी तयार करून आणून देतो. स्वतः आणून देतो."

राणी तयार झाली तोवर वॉल्टरच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. मोतीबिंदू निघाला, पट्टी सुटली, पण डॉक्टरांनी इतक्यात गाडी चालवायची नाही असं बजावलं. राणी काही थांबणारी नव्हती.

"बसने जा," मी म्हटलं. "डग्लसला एकदा बदलायची. जेवायच्या आत पोचशील."

"बस हादरते. राणीला हादरे चालत नाहीत."

"मग?"

"आगगाडीने जाईन डग्लसपर्यंत. पुढे घोड्याची ट्राम. मग विजेची ट्राम थेट रॅम्सी."

"आणि आगगाडी नाही हादरत?"

"आगगाडी डुलते. हादरणं वेगळं, डुलणं वेगळं."

मी त्याच्याकडे पाहिलं. एरवी रविवारीच दाढी करणारा तो मंगळवार असून दाढीचा ब्रश धूत होता. त्याला लवकर पोचायचं नव्हतं, एवढं मला कळलं. पोचायचं होतं, पण लवकर नाही.

"तूही चल ना, नेसी," तो नळाकडे बघत म्हणाला. "डबी धरायला कुणीतरी हवं."

राणीची डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी असते. लाकडाची, एका बाजूला बारीक जाळी. आत राणी आणि तिच्या दिमतीला सात-आठ कामकरी माश्या, आणि वाटेत खायला साखरेचा गोळा. वॉल्टरने ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, छातीशी, उबेला. मी टोपलीत बॉनाग घेतला. बॉनाग म्हणजे आमचा मनुकांचा जाड पाव. तो घेतल्याशिवाय आम्ही कुठे निघत नाही. बुधवारी सकाळी आम्ही कोल्बीच्या स्टेशनवर उभे राहिलो.

"कुठं, पोर्ट एरिनला बाजाराला?" स्टेशनवरच्या माणसाने विचारलं.

"रॅम्सीला," वॉल्टर म्हणाला.

"बापरे. परत कधी?"

"आजच."

"बघू," तो म्हणाला आणि आमच्यासाठी हिरवं निशाण काढून ठेवलं.

इंजीन आलं, पितळ चकचकीत, रंग गडद लाल. ही गाडी आमच्या आजोबांच्या लग्नाआधीपासूनची, पण आम्ही तिच्यात शेवटचं कधी बसलो होतो ते दोघांनाही आठवेना. घरात मोटार आल्यापासून ती आमच्यासाठी शेताच्या पलीकडून जाणारा धूर तेवढा उरली होती. आत शिरल्यावर कोळशाचा, जुन्या लाकडाचा आणि गाद्यांचा तोच वास. वॉल्टर खिडकीशी बसला, उजव्या हाताने छातीशी डबी धरून, जसे काही लोक राष्ट्रगीताला उभे राहतात तसा.

कॅसलटाउन गेलं, बॅलासॅला गेलं. त्याचा नवा डोळा सगळं टिपत होता. "नेसी, फुलं किती पिवळी आहेत गं," तो म्हणाला. रुळांच्या दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं फुलली होती. "मला वाटायचं हल्ली ती फिकी पडलीत. म्हटलं जमीन बिघडली असेल."

"जमीन नाही, तुझी काच बिघडली होती."

पुढे सँटनच्या आसपास त्याने टोपी काढून हलकेच मान झुकवली. रस्त्याने जाताना तिथे एक पूल लागतो, आणि पुलाखाली राहणाऱ्या त्या छोट्या मंडळींना (पऱ्या हा शब्द आम्ही उच्चारत नाही) आम्ही नमस्कार केल्याशिवाय पुढे जात नाही. पण आगगाडी त्या पुलावरून जातच नाही.

"इथून त्यांना दिसणार नाही," मी म्हटलं.

"तरी. आजच्या दिवशी कुणाशी वाकडं नको."

डग्लसला उतरून आम्ही धक्क्याच्या कडेने चालत समुद्रापर्यंत गेलो. घोड्याची ट्राम आता अर्ध्याच किनाऱ्यावर धावते. तेव्हा बोटींच्या धक्क्यापासून थेट पलीकडच्या टोकाला डर्बी कॅसलपर्यंत जायची. बाजूंनी मोकळी, लाकडी बाकांची ट्राम, पुढे हेक्टर नावाचा पांढऱ्या पायांचा दांडगा घोडा. चालवणारी एक तरुण बाई होती, हात आमच्या वॉल्टरसारखे भक्कम. ती सगळ्यांना सांगत होती, बाहेर पाय काढू नका. वॉल्टर माझा प्रामाणिक. चढायच्या आधी तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, माझ्या खिशात मधमाश्या आहेत."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "किती?"

"राणी आणि थोड्या."

"बंद आहेत ना?"

"पक्क्या."

"मग एकदम मागच्या बाकावर बसा," ती म्हणाली. "आणि घोड्याला सांगू नका. त्याला त्यांची भीती वाटते."

आम्ही मागे बसलो. समोरच्या बाकावर इंग्लंडहून आलेलं एक जोडपं होतं. त्यांतल्या बाईने प्रेमाने विचारलं, "तुम्हीही सुट्टीवर का?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात वॉल्टर म्हणाला, "हो. आम्ही दक्षिणेचे."

"दक्षिण इंग्लंड?"

"नाही. कोल्बीचे. इथून अकरा मैल."

ती बाई हसली, मग तिला शंका आली आपण हसायला हवं होतं की नाही. हेक्टर टापांचा एकसारखा ठेका धरून चालला होता. डावीकडे पांढरी, गुलाबी हॉटेलं, उजवीकडे भरतीचं पाणी. मोटारीतून जाताना हा किनारा कधी सरला ते कळायचं नाही. त्या दिवशी एका म्हातारीला खिडकीत मासा साफ करताना पाहिलं, एका दारात दोन बायका भांडताना पाहिल्या, आणि त्यांचं भांडण मिटेपर्यंत आम्ही त्यांच्याच समोर होतो.

डर्बी कॅसलला आम्ही विजेच्या ट्रामवर चढलो आणि ती कड्यांवरून वर वर जाऊ लागली. इथून पुढचा मुलूख वॉल्टरला नवाच. लॅक्सीपर्यंत तो खिशावरचा हात हलवेना. ऊन तापलं होतं. लॅक्सीचं स्टेशन मोठ्या झाडांच्या सावलीत आहे, तिथे ट्राम थोडा वेळ थांबते. पलीकडच्या रुळांवर डोंगरावर जाणारी ट्राम उभी होती, स्नेफेलच्या माथ्यावर नेणारी. वॉल्टर उठून उभा राहिला.

"नेसी, इथवर आलोच आहोत तर..."

"ईना वाट बघत असेल."

"मी तिला दिवसभरात येतो असं सांगितलंय. वेळ नाही सांगितली."

"वॉल्टर, तू घाबरलायस."

"मी? कशाला?" तो म्हणाला. "माणसाने आपल्या बेटाचा सगळ्यात उंच डोंगर एकदा तरी बघावा की नाही?"

उतरलो. उकाड्यामुळे त्याला वाटलं, छातीशी राणीला गरम होईल. म्हणून त्याने डबी खिशातून काढून माझ्या टोपलीत, बॉनागच्या वरती ठेवली, कपड्याने झाकली आणि कोट हातावर टाकला. डोंगरावरची ट्राम दरीच्या कडेने गोल गोल वर चढत गेली. खाली लॅक्सीची घरं मुठीएवढी झाली. अर्ध्या वाटेवर मोटारींचा रस्ता ओलांडला, तिथे मेंढ्या रुळांवर बसल्या होत्या. चालकाने घंटा वाजवली, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, विचार केला आणि उठल्या. वर जाता जाता ऊन गेलं, वारा आला. माथ्यावर उतरलो तेव्हा पांढऱ्या धुक्यात शिरलो. हातावरचा कोट वॉल्टरने घाईने अंगात घातला.

"इथून सात राज्यं दिसतात म्हणे," मी म्हटलं. "एखादं दिसतंय का?"

"चहाचं दुकान दिसतंय."

दुकानात शिरून बसलो, आणि मी बॉनाग काढायला टोपली उघडली तेव्हा वॉल्टरने डबी उचलून कानाशी धरली. मग दुसऱ्या कानाशी धरली. त्याचा चेहरा उतरला. सकाळपासून डबीतून एक बारीक गुणगुण येत होती, ती बंद झाली होती. जाळीतून पाहिलं तर माश्या एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, पाय आखडलेल्या, आणि मधोमध ती लांबट राणी.

"गारठल्या," तो म्हणाला. "माझं चुकलं. खिशातून काढायला नको होतं."

काउंटरमागची बाई जाडजूड, गालांवर लाली असलेली. काय झालं म्हणून ती आली. मी सांगितलं. ती डबीत डोकावली. "इथे बशीत एक माशी दिसली तर लोक माझ्याकडे तक्रार घेऊन येतात," ती म्हणाली, "आणि तुम्ही सात-आठ डबीत घालून आणल्यात. द्या इकडे."

"जपून हां. फार गरमही नको."

"बाबा, मी तीस वर्षं लोकांचे हात इथे गरम करून देतेय." तिने पाणी तापवायच्या मोठ्या भांड्याशेजारच्या फळीवर डबी ठेवली आणि चहाच्या किटलीचं लोकरीचं टोपडं तिच्यावर घातलं.

आम्ही समोर बसून वाट बघू लागलो. वॉल्टरने चहाला हात लावला नाही. दगड फोडून फोडून जाड झालेली त्याची बोटं टेबलावरच्या साखरेचे कण गोळा करत होती.

"मेली तर काय, नेसी?"

"दुसरी नेशील. तुझ्याकडे राण्यांना काय तोटा."

"दुसरी तयार व्हायला महिना लागेल." तो फळीवरच्या टोपड्याकडे बघू लागला. "महिनाभर मग जायला निमित्तच नाही."

इतक्या वर्षांत मी माझ्या भावाच्या तोंडून असलं काही ऐकलं नव्हतं. काहीतरी चिमटा काढावा असं जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. त्याच्या कपात साखर घातली आणि कप त्याच्यापुढे सरकवला.

"निमित्त लागतं का रे जायला?"

"मला लागतं," तो म्हणाला. "या वयात दारात जाऊन काय सांगायचं माणसाने? की मला रविवार ते रविवार करमत नाही?"

"तेच सांगायचं."

"तुला सोपं आहे बोलायला."

तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. "ओ, मधवाले. तुमची एक बया पाय हलवतेय."

आम्ही उठलो. आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं जमली. एका माशीचा पाय हलला, मग दुसरीचे पंख थरथरले. हळूहळू त्या एकमेकींपासून सुट्या होऊ लागल्या, झोपेतून उठलेल्या माणसांसारख्या तोंड पुसू लागल्या. राणी सगळ्यात शेवटी. ती बराच वेळ तशीच होती. मग तिचं पोट एकदा फुगलं, आणि ती उठून जाळीवर चालू लागली, इकडून तिकडे, जणू काही झालंच नाही. गुणगुण परत आली. काउंटरमागची बाई टोपडं झटकत म्हणाली, "राणीच ती. दासी उठल्याशिवाय उठेल कशी." तिने चहाचे पैसे घेतले, आणि वॉल्टरने तिला बॉनागचा मोठा तुकडा कापून दिला.

उतरताना डबी पुन्हा त्याच्या छातीशी होती, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ट्राम वळणावर आली आणि धुकं एका बाजूने फाटलं. खाली उत्तरेची सगळी जमीन उघडी पडली. आमच्याकडे डोंगर, कडे, चढउतार; इथे सपाट हिरवं रान पार समुद्रापर्यंत पसरलेलं, शेतांच्या चौकोनांमधून बांधांच्या रेघा, एका टोकाला दीपगृह, आणि त्यापलीकडे निळ्या पाण्यावर स्कॉटलंडची रेघ. वॉल्टर आयुष्यभर म्हणत आला होता की उत्तरेला वाळू आणि सलगम यांच्याशिवाय काही नाही. तो काचेला नाक लावून बघत राहिला.

"हे एवढं सगळं इथंच होतं?" तो म्हणाला.

"कुठं जाणार होतं?"

"बांध कुणी रचलेत बघ. सरळ आहेत." त्याच्याकडून यापेक्षा मोठी पावती मी कधी ऐकली नाही.

लॅक्सीहून पुढे ट्राम समुद्रावरच्या उंच कड्यांवरून गेली, मग झाडीत शिरली, ओढे ओलांडले, कुणाच्या तरी परसातल्या वाळत घातलेल्या चादरींना लागून गेली. वाटेत एक शेतकरीण कोंबडी काखेत धरून चढली आणि दोन थांबे पुढे तशीच उतरली. कंडक्टरने वॉल्टरचा खिशावरचा हात पाहून विचारलं, "छातीत दुखतंय का हो?"

"नाही. राणी आहे."

"लंडनची?"

"कोल्बीची."

"मग तिकीट लागणार नाही," तो म्हणाला.

रॅम्सीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. ईना क्रेलिन स्टेशनच्या बाकावर बसली होती. उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांचा आंबाडा, पायांत बागेतले रबरी बूट. शेजारी रिकामा थर्मास. सकाळपासूनच्या ट्रामा तिने एकेक करून बघितल्या होत्या, हे तिने सांगितलं नाही, कंडक्टरने सांगितलं.

"आलात, मिस्टर किनविग," ती म्हणाली.

"आलो. जरा डोंगरावर गेलो होतो."

"राणीला घेऊन?"

"तिनेही पाहिला नव्हता," वॉल्टर म्हणाला. ती हसली, आणि मला हायसं वाटलं.

तिचं घर गावाच्या कडेला, बागेच्या टोकाला सफरचंदाच्या झाडाखाली तीन पेट्या. तिने आम्हाला जाळीच्या टोप्या दिल्या, माश्या शांत करायला धुराडं पेटवलं. वॉल्टरने खिशातून डबी काढून दोन्ही हातांनी तिला दिली. ईनाने ती उन्हाला धरून नीट पाहिली. "देखणी आहे," ती म्हणाली. मग मधली पेटी उघडली आणि पोळ्याची एक चौकट उचलून वॉल्टरपुढे धरली. त्याने आपला चांगला डोळा जवळ नेला. बराच वेळ पाहिलं. मग चौकट उलटी करून पाहिली.

"मिसेस क्रेलिन," तो हळू म्हणाला, "यात अंडी आहेत."

"हो."

"ताजी आहेत. म्हणजे पेटीने स्वतःच राणी केलीय. ती फिरतेय आतमध्ये."

"हो. दोन आठवड्यांपूर्वी दिसली मला. चांगली आहे, सावळी."

धुराड्यातून धूर निघत होता. वॉल्टरने चौकट हातात तशीच धरून ठेवली. "तेव्हापासून दोनदा फोन झाला आपला. बोलला नाहीत."

"नाही बोलले."

"का?"

ईनाने टोपीची जाळी वर केली. तिचे गाल लाल झाले होते, पण नजर सरळ होती. "बोलले असते," ती म्हणाली, "तर तू आला असतास का, वॉल्टर?"

माश्या वॉल्टरच्या बाहीवर चढत होत्या. मी सफरचंदाच्या झाडाकडे बघू लागले. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं, पण मी बघितलं.

"नसतो आलो," तो शेवटी म्हणाला. "यायचं मनात असून नसतो आलो. नेसीला विचार. मी आज डोंगरावरसुद्धा तेवढ्यासाठीच गेलो."

"कळलं मला ते. चौकट खाली ठेव, त्यांना थंडी वाजेल."

त्याने ठेवली. "पण या बिचारीचं काय करायचं? एवढ्या लांबून आलीय."

"शेडमध्ये रिकामी पेटी आहे," ईना म्हणाली. "हिच्यातल्या निम्म्या माश्या काढून नवं घर करू. कोल्बीची राणी आपल्या घरात, रॅम्सीची आपल्या. शेजारीण होऊन राहतील."

"दक्षिणेची राणी मानतील का इथल्या?"

"सुरुवातीला कुरकुर करतील. मग विसरतील ती कुठली ते."

ते दोघं कामाला लागले. तो चौकटी उचलायचा, ती ब्रशने माश्या खाली झटकायची. मध्येच त्यांचं भांडण झालं, पेटीचं तोंड पूर्वेला ठेवावं की दक्षिणेला यावरून. पाच मिनिटं दोघंही एकमेकांचं काही ऐकेनात. मी बागेतल्या खुर्चीवर बसून ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मला डुलकी लागली.

संध्याकाळी ईनाने छोटे शिंपले लोण्यात परतले. आमच्याकडे त्या शिंपल्यांना राण्याच म्हणतात, त्यावरून जेवताना पुष्कळ थट्टा झाली. जेवण होईतो परतीची शेवटची ट्राम निघून गेली होती. घाईही कुणी केली नव्हती. मी मागच्या खोलीत झोपले, वॉल्टर बैठकीतल्या कोचावर, आणि कोचाबाहेर त्याचे पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते, असं ईनाने सकाळी सांगितलं.

कोल्बीला उतरलो तेव्हा स्टेशनवरच्या माणसाने फक्त भुवया उंचावल्या.

त्या उन्हाळ्यात वॉल्टर दर शनिवारी रॅम्सीला गेला. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, तरी मोटार अंगणातच राहिली. तो म्हणायचा, मोटारीत बसलं की आपण तिथे असतो आणि मन घरीच राहतं. गाड्या बदलत गेलं की दोन्ही बरोबर पोचतात. निम्म्या शनिवारी मीही जायचे. दुसऱ्या स्टेशनांवरच्या माणसांची नावं आम्हाला पाठ झाली, कुणाच्या मुलीला बाळ झालं, कुणाचा गुडघा दुखतो तेही. मधेच कुठेतरी उतरावं, ओढ्याकाठी बॉनाग खावा, पुढची ट्राम पकडावी. एवढ्याशा बेटावर माझ्या पासष्टाव्या वर्षी मला न पाहिलेली गावं सापडत होती, आणि त्याचं मला रोज नवल वाटायचं.

शरद सरत आला की आमच्या गाड्या हिवाळ्यासाठी बंद होतात. त्या सुमारास एका शनिवारी उलट झालं. ईना आमच्याकडे आली, आगगाडीने. स्वयंपाकघरात बसून तिने माझ्या हातचा बॉनाग खाल्ला, मनुका जास्त आहेत म्हणाली, आणि तरी दुसरा तुकडा घेतला. ती परत गेल्यावर वॉल्टर माझ्यासमोर बसला.

"नेसी, मी तिकडे राहायला जायचं म्हणतोय."

"उत्तरेला?"

"उत्तरेला."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुझं कसं होईल, ते सांग."

मी विचार केला. खरं सांगायचं तर त्या घरात त्याच्या बुटांच्या आवाजाशिवाय कसं होईल हे मला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी डोंगरावर साखरेचे कण गोळा करणारी त्याची बोटं मी पाहिली होती. "माझं काय," मी म्हटलं. "निम्म्या पेट्या इथे ठेव म्हणजे झालं. आणि शनिवारी जेवायला मी येणार. दर शनिवारी."

वसंतात ट्रामा सुरू झाल्या त्याच आठवड्यात रॅम्सीच्या चर्चमध्ये त्यांचं लग्न झालं. ईनाने निळा पोशाख घातला होता, वॉल्टरचा कोट तोच होता, पण इस्त्री केलेला. दक्षिणेहून एकवीस माणसं आली होती, त्यांतली निम्मी रॅम्सीत पहिल्यांदाच. पाहुण्यांनी पोट भरून खाल्लं आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या बोलण्याची नक्कल केली.

आमच्याकडचे बाकीचे लोक मोटारींनी परत निघाले. मलाही बोलावत होते. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. मी एकटीच उघड्या ट्रामच्या शेवटच्या बाकावर बसले. लग्नासाठी घेतलेले नवे बूट सकाळपासून चावत होते, ते काढून शेजारी ठेवले आणि पाय समोरच्या लाकडी पट्ट्यांवर टेकवले. ट्राम कड्यावर आली. खाली समुद्र होता, सपाट, संध्याकाळच्या उन्हाने पिवळा. कंडक्टर तिकिटाला आला, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि पुढे गेला. लॅक्सीपर्यंत मी बूट घातले नाहीत.